तीन पायऱ्यांवरच्या आडव्या रेघा

गावात तिला नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. नवरा "अगं" म्हणतो, सासूबाई "ए बाई" म्हणतात आणि बाकी सगळं गाव म्हणतं टकटक. "टकटकला सांगा, आमच्या दारातली पायरी पुन्हा गुळगुळीत झालीये," असं तिच्या तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नाही. टाकी दगडावर पडली की आवाजच तसा येतो, त्याला ती तरी काय करणार?

टाकी म्हणजे वीतभर लांबीची पोलादी छिन्नी. डाव्या हातात ती, उजव्या हातात हातोडी, गुडघ्यांखाली जुन्या गादीचा तुकडा आणि समोर चारशे बारा पायऱ्यांचा मोठा जिना. खाली बंदर, वर टेहळणीचा पडका बुरूज, मधे हा जिना आणि त्याला दोन्ही बाजूंनी चिकटलेली घरं-दुकानं, एवढंच काय ते गाव. गाडी नाही, रिक्षा नाही. गॅसचं सिलिंडर, कपाट, नवी नवरी, आजारी माणूस, जे असेल ते जिन्यानेच वर जाणार आणि जिन्यानेच खाली येणार. त्यात रोज तीन-तीन बोटी भरून पर्यटक उतरतात. जिना तीनशे वर्षांचा आहे असं त्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, म्हणून ते वरपर्यंत चढतात, धापा टाकतात, फोटो काढतात आणि उतरतात. इतक्या पायांखाली दगड झिजतो, काचेसारखा होतो. टकटकचं काम एकच. गुळगुळीत झालेल्या पायरीवर टाकीने बारीक रेघा पाडायच्या आणि ती पुन्हा खरखरीत करायची. खालून वरपर्यंत एक फेरी व्हायला चार वर्षं लागतात. वर पोचली की परत खाली, पायरी नंबर एक.

कुठली पायरी कधी घ्यायची हे ती डोळ्यांनी ठरवत नाही. सकाळी सहाला, पहिली बोट यायच्या आत, बादलीभर पाणी घेऊन निघायचं, पायरीवर तांब्याभर ओतायचं आणि अनवाणी उभं राहायचं. टाच सरकली की पायरी आजच्या यादीत. "डोळे चकाकीला भुलतात गं," असं सासूबाईंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तुझे तर फारच भुलतात. तू आपली टाचेला विचारत जा."

हो, काम मूळचं सासूबाईंचं. नवरा बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो; त्याला दगडाचं काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. ही लग्न होऊन आली तेव्हा बावीस वर्षांची. सासूबाई पन्नाशी ओलांडलेल्या, मनगटं पुरुषासारखी, जीभ टाकीपेक्षा धारदार. वर्षभर त्यांनी सुनेला नुसतं दगडाची पूड झाडायला लावलं. मग एक दिवस हातात टाकी दिली आणि म्हणाल्या, "एकशे वीसपासून चाळीस पायऱ्या तुझ्या. मी बघायला येणार नाही. लाज राख."

आता खरी गोष्ट इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या कामात रेघ तिरकी पाडायची असते. पायरीच्या मधून निघून डावीकडच्या रेघा जिन्याच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या डाव्या पन्हळीकडे उतरत्या, उजवीकडच्या उजव्या पन्हळीकडे. माशाचा काटा असतो ना, तशा. म्हणजे पावसाचं पाणी रेघेत थांबत नाही, वाहून जातं. सासूबाईंनी हे सांगितलं होतं, एकदा नाही दहादा. पण सुनेला वाटलं, सरळ आडव्या रेघा दिसायला किती सुबक! खालून बघितलं तर वहीच्या पानासारखी पायरी. तिने दोरी धरून, आखून, चाळीसच्या चाळीस पायऱ्यांवर सरळ आडव्या रेघा पाडल्या. पायाला पकड झकास होती. पर्यटक थांबून कौतुक करत होते. ही आपली हवेत. मग पाऊस सुरू झाला, आडव्या रेघांत पाणी साचलं, आणि महिन्याभरात प्रत्येक रेघेत हिरवं शेवाळ धरलं.

पाववाला तेव्हा तिशीतला होता. सकाळी डोक्यावर पावांची टोपली घेऊन वरच्या आळीत जायचा, एका दमात, शीळ घालत. एकशे एकेचाळिसाव्या पायरीवर त्याचा पाय सटकला आणि तो अकरा पायऱ्या खाली आला. खुबा मोडला. सहा महिने अंथरुणाला खिळून होता, आणि उठला तो एक पाय दोन बोटं आखूड घेऊनच. शीळ बंद झाली ती कायमची.

त्या दिवशी त्याच पायरीभोवती अख्खं गाव जमलं. या गावात जिन्याचं काम करणाऱ्याला कुणीही विचारू शकतं, "हात कुणाचा?" आणि ज्याचा असेल त्याने पुढे येऊन सांगायचं, एवढी साधी रीत आहे. कुणीतरी विचारलंच. सुनेने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तेवढ्यात सासूबाई गर्दीतून पुढे झाल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हात माझा. घाईत केलं, चुकलं."

बस्स. संपलं. त्यानंतर सासू-सुनेने मिळून सगळ्या पायऱ्या घासल्या, तिरक्या रेघा पाडल्या, आणि घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. पण पाववाला विसरला नाही. सासूबाई जिन्यावर दिसल्या की त्याचं ठरलेलं, "काय मावशी, आज कुणाचं कंबरडं मोडणार?" अर्धं चेष्टेत आणि अर्धं अजिबात नाही. एकतीस वर्षं. सासूबाई हसून पुढे जायच्या. मागे बादली घेऊन चालणारी सून मान खाली घालायची, आणि त्या रात्री तिला जेवण जायचं नाही. तिला स्वतःची लाज वाटायची, असं स्पष्टच सांगायला हवं.

म्हणूनच ती एवढी पक्की कारागीर झाली असावी. त्या दिवसानंतर तिच्या हाताखालच्या पायरीवर कुणी घसरलं नाही. पावसाळ्यातसुद्धा वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या तरातरा खाली यायच्या. सासूबाईंनी सत्तरीला टाकी खाली ठेवली ती निर्धास्त मनाने.

आणि मग दोन वर्षांपूर्वी वारसा कचेरी आली.

कचेरी म्हणजे बंदरापाशी दोन खोल्या आणि एक तरुण अधिकारी. माणूस वाईट नाही. सभ्य, हसतमुख, गळ्यात पाण्याची बाटली, पायात जाड रबरी तळव्यांचे बूट. त्याने टकटकला बोलावून खुर्ची दिली आणि भिंतीवरचा मोठा फोटो दाखवला. संध्याकाळचं ऊन, आणि त्यात सोन्यासारखा झळझळणारा जिना.

"बाई, हा फोटो बघून जगभरातून लोक येतात. ही चकाकी तीनशे वर्षांनी दिलीये दगडाला. तुमच्या टाकीने ती जाते. शिवाय दगड खाल्ला जातो. यापुढे मोठ्या जिन्याला लोखंड लावायचं नाही, असं ठरलंय."

टकटकने फोटो नीट पाहिला. "साहेब, या फोटोत कुणी चालतंय का?"

त्याने वळून पाहिलं. जिना रिकामा होता.

"रिकामा जिना छानच दिसणार," ती म्हणाली.

तो हसला, पण बंदी उठली नाही. उलट तिच्या कामाची कदर म्हणून तिला एक नारिंगी जाकीट आणि एक पाटी देण्यात आली. पाटीवर लिहिलेलं, 'सावकाश चाला, पायऱ्या निसरड्या आहेत.' ती घेऊन जिन्यावर उभं राहायचं. "म्हणजे निसरड्या आहेत हे तुम्हालाही माहीत आहे तर!" असं म्हणून तिने पाटी तिथेच ठेवली. जाकीट नवऱ्याने नेलं. तो त्याने इंजिनाचं तेल पुसतो आणि म्हणतो, कापड मात्र उत्तम आहे.

दोन वर्षांत जिना खरोखरच आरसा झाला. पर्यटकांचं काय, ते दोन तास असतात, कठडा धरून खिदळत उतरतात. हाल झाले वरच्या आळीचे. दव पडलं तरी लोक घराबाहेर पडेनात. दुकानातून सामान आणायला जायचं म्हणजे जीव मुठीत धरून जायचं. आणि गेल्या वर्षी सासूबाई पडल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, ज्यांनी हा जिना पन्नास वर्षं गुडघ्यांवर चालून काढला, त्या साध्या दवाने ओल्या झालेल्या पायरीवर घसरल्या. मनगट मोडलं. ते जुळलं, पण जिना सुटला.

सासूबाईंचं घर तीनशे नव्वदाव्या पायरीवर. दोनशे आठव्या पायरीवर एक दगडी बाक आहे, आणि त्या बाकावर रोज संध्याकाळी त्यांची मैत्रीण बसते, निवृत्त पोस्टमास्तरीण. चाळीस वर्षं दोघी रोज तिथे बसून कडाकडा भांडायच्या. कशावरून? कशावरूनही. आता मधे एकशे ब्याऐंशी पायऱ्या, आणि दोघींनाही त्या झेपेनात. नातवाने फोनवर बोलणं करून दिलं. सासूबाईंनी दोन मिनिटांत फोन ठेवला. "फोनवर भांडण्यात काही राम नाही. तिचं तोंड बघितल्याशिवाय मला राग येत नाही." असं म्हणून त्या खिडकीशी जाऊन बसल्या, त्या बसल्याच. जेवण कमी झालं, टोमणे कमी झाले. सासूबाई टोमणे मारेनात, तेव्हा मात्र टकटक हादरली.

तिने कचेरीत खेटे घालायला सुरुवात केली. आठवड्यातून दोनदा, नेमाने. अधिकारी म्हणायचा, "उद्या या," ती उद्या जायची. म्हणायचा, "अर्ज करा," ती अर्ज न्यायची. "साहेब, एकदा बूट काढून ओल्या पायरीवर उभे राहा," एवढं एकच ती प्रत्येक वेळी म्हणायची आणि तो प्रत्येक वेळी घड्याळ बघायचा. अखेर त्याने हात टेकले.

"हे बघा बाई. या महिन्याच्या तीस तारखेला बैठक आहे, त्यात ही बंदी कायमची होईल. तुमचं म्हणणं असं की दगड टाकीने झिजत नाही, लोकांच्या पायांनी झिजतो. बरोबर? मग दाखवा. मूळचा दगड किती उंच होता, टाकीने किती गेला, पायांनी किती गेला. मोजता येईल असं काही आणा. नुसत्या शब्दावर मी तरी काय करू?"

ती घरी आली ती विचारातच. नवरा हात पुसत म्हणाला, "अगं, मूळचा दगड आणायचा कुठून? तू एक पायरी सोडलीस का कधी? सगळ्या खरवडून ठेवल्यास. थोडा आळस केला असतास तर आज पुरावा असता."

तो थट्टेत बोलून गेला आणि तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. एक जागा होती. एकशे सदतीस, अडतीस आणि एकोणचाळीस. त्या तीन पायऱ्यांच्या डाव्या टोकांवर टोपीवाल्याच्या दुकानाचा लाकडी ओटा आहे. एकतीस वर्षांपूर्वी तिने तिथे पहिली टाकी लावून आठवडासुद्धा झाला नव्हता, तेव्हा त्याने तो ओटा ठोकला. त्याखाली त्यानंतर ना टाकी गेली ना पाय. तेव्हाचा दगड जसाच्या तसा.

पण त्या दगडावर रेघा होत्या, आडव्या.

आणि बैठकीत वरच्या आळीचा नगरसेवक म्हणून कोण बसणार होतं? पाववाला. आता बासष्ट वर्षांचा, डोक्याला टक्कल, हातात काठी. वरच्या आळीत त्याच्या शब्दाबाहेर कुणी नाही. ओटा उचलला की त्या रेघा तो ओळखणार. ज्या रेघांनी त्याचा पाय नेला, त्याच पुढे करून त्याच्याचकडे टाकी मागायची! आणि बाई, तेव्हा गप्प बसलेली तूच ना, असं तो म्हणाला तर काय तोंड दाखवायचं? बरं, गप्प बसावं तर तो सगळं पुन्हा सासूबाईंवर ढकलणार. तिने दोन दिवस डोक्याला हात लावून काढले. तिसऱ्या दिवशी ती सासूबाईंच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"आई, मी टोपीवाल्याचा ओटा उचलायला लावणार आहे."

सासूबाईंना एका क्षणात कळलं. "काही गरज नाही."

"दुसरा पुरावा नाही."

"मग म्हण माझाच हात होता. एकदा म्हटलंय ना मी? नाव खराब व्हायचं ते माझं होऊन गेलं, आता आणि काय व्हायचंय? तू आता खरं बोललीस तर तुला जन्मात कुणी टाकी देणार नाही."

"नाही दिली तर नाही दिली. पण या वेळी मी तुमच्यामागे लपणार नाही."

"गाढव आहेस," सासूबाई म्हणाल्या. कित्येक महिन्यांनी त्यांनी तिला गाढव म्हटलं होतं. टकटकला त्यानेच धीर आला.

एकोणतीस तारखेला सकाळी दहा वाजता टोपीवाला कुरकुरत पुढे आला. "धंद्याच्या वेळेला ओटा उचला म्हणे," असं चारदा म्हणून झाल्यावर त्याने आणि टकटकच्या नवऱ्याने मिळून फळ्या काढल्या. अधिकारी पट्टी घेऊन आला होता. बैठकीतले चौघे होते, पाववाला काठी टेकून उभा होता, आणि तमाशा कुठे आहे ते बघायला पंचवीस-तीस माणसं वर-खाली दाटली होती. धूळ, कोळ्याची जाळी, एक हरवलेली लहान मुलाची चप्पल. ते सगळं झाडल्यावर दगड दिसला. उंच, करकरीत, कालच घडवल्यासारखा.

"साहेब, मोजा," टकटक म्हणाली. "ओट्याखालचा हा एकतीस वर्षांपूर्वीचा दगड. याला माझी टाकी एकदाच लागलीये. आता तिकडे, उजवीकडे पन्हळीपाशी बघा. तिथे माझी टाकी आठ वेळा लागलीये, पण पन्हळीच्या कडेने कुणी चालत नाही. आणि आता मधे मोजा. मधेही टाकी आठच वेळा, पण तिथून अख्खं जग जातं."

अधिकारी गुडघ्यांवर बसला. इकडून तिकडे दोरी ताणली, पट्टी लावली, पुन्हा लावली. पन्हळीपाशी दगड ओट्याखालच्यापेक्षा तांदळाच्या दोन दाण्यांएवढा खाली होता. मधे दीड बोट. तिन्ही पायऱ्यांचं तेच. मग त्याने बुटाच्या नाड्या सोडल्या.

"पाणी आहे का?" त्याने विचारलं.

टकटकने बादली पुढे केली. तो मधल्या चकचकीत दगडावर अनवाणी उभा राहिला, तिने तांब्याभर पाणी ओतलं, आणि साहेब टोपीवाल्याच्या गळ्यात पडले. लोक खो खो हसले. टोपीवाला म्हणाला, "सावकाश चाला, साहेब."

एक माणूस हसत नव्हता. पाववाला काठीवर भार देऊन खाली वाकला होता, आणि ओट्याखालच्या दगडावरून एक बोट फिरवत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"या रेघा आडव्या आहेत," तो म्हणाला. "याच त्या. म्हातारीचा हात."

एकतीस वर्षांपूर्वी टकटक जागची हलली नव्हती. पण आज तिने पाऊल पुढे टाकलं.

"हात माझा, भाऊ. त्यांचा नाही. तेव्हाही माझाच होता. दिसायला छान म्हणून मी सरळ रेघा मारल्या, त्यात शेवाळ धरलं, आणि तुम्ही पडलात. त्यांनी माझं नाव झाकलं आणि मी झाकू दिलं."

पाववाला ताठ उभा राहिला. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "एकतीस वर्षं मी त्या बाईला बोलतोय."

"हो."

"आणि तू मागे उभी राहून ऐकत होतीस."

"रोज ऐकत होते," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने नजर वळवली नाही.

पाववाला वळला आणि वर चढायला लागला. कठडा, काठी, आखूड पाय, कठडा, काठी, आखूड पाय. लोकांनी वाट दिली. अधिकारी पुटपुटला, "मोजमाप तर बरोबर आहे, पण हे आता..." नवऱ्याने हळूच म्हटलं, "गेलं. उद्या हा हात वर करणार नाही." टकटकने त्याच्या हातात बादली दिली आणि पाववाल्याच्या मागे निघाली. दहा पायऱ्यांचं अंतर ठेवून, त्याचा पाय सटकला तर धरता यावं म्हणून.

अडीचशे पायऱ्यांना त्याला पाऊण तास लागला. तीनशे नव्वदाव्या पायरीवर तो थांबला, आणि घामाघूम होऊन सासूबाईंच्या खिडकीचा गज धरून उभा राहिला.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी."

"पाव आणलास?"

पाववाल्याला हसू आलं की रडू ते त्याचं त्यालाच कळलं नसावं. "मावशी, तुम्ही खोटं का बोललात?"

"खोटं कसलं? शिकवलं मी होतं. नीट शिकवलं असतं तर चुकली असती का ती?" सासूबाई खिडकीजवळ सरकल्या. "आणि ऐक. ती तेवीस वर्षांची होती. तिच्या हातातली टाकी तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याच दिवशी काढून घेतली असतीत. माझ्या हातातली काढायची कुणाची टाप होती? तुला राग काढायला कुणीतरी हवं होतं, मी होते. माझं काय बिघडलं?"

"आणि आता? आता मी कुणाला बोलू?"

"हिला बोल की!" सासूबाईंनी पाववाल्यामागे उभ्या असलेल्या सुनेकडे बोट केलं. "पोटभर बोल. पण आधी हिला टाकी दे. नुसत्या बसलेल्या माणसाला काय बोलायचं?"

दुसऱ्या दिवशीची बैठक दहा मिनिटांत संपली असं म्हणतात. अधिकाऱ्याने आकडे वाचले. मग पाववाला उठला आणि म्हणाला, "जिन्यावर हात कसा चुकतो ते या गावात मला सगळ्यात जास्त माहीत आहे, आणि तिला. तिलाच टाकी द्या." बंदी उठली. अट एकच पडली, दर वर्षी दगड मोजायचा. पट्टी धरायला अधिकारी स्वतः येणार, आणि तोही अनवाणी, ही अट मात्र टकटकने घातली.

पावसाला दोन महिने होते. तिने खालून सुरुवात केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा क्रम मोडून ती तीनशे नव्वदाव्या पायरीवर बसली आणि तिथून खाली उतरत गेली. रोज तीन पायऱ्या, कधी चार. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. नवरा संध्याकाळी येऊन पूड झाडायचा आणि "म्हातारपणी हमाली लागली नशिबी" म्हणून बोटं मोडायचा, पण यायचा. पर्यटक थांबून विचारायचे, हे काय चाललंय, चकाकी का घालवताय? ती मान वर न करता म्हणायची, "घरात चौऱ्याऐंशी वर्षांची बाई आहे, तिला खाली जायचंय." पाऊस आला तेव्हा तिची टाकी दोनशे नऊवर होती. ती पायरी तिने डोक्यावर पोतं घेऊन संपवली.

चार-पाच आठवडे पाऊस कोसळला. आडव्या रेघांना एकतीस वर्षांपूर्वी शेवाळ धरायला जेवढे दिवस लागले होते, तेवढे तिने मुद्दाम जाऊ दिले. रोज अनवाणी बघून आली. मग एका भुरभुरत्या दुपारी तिने सासूबाईंना उठवलं. "चला."

सासूबाई निघाल्या, चपला घरी ठेवूनच. एका हाताने कठडा, एका हाताने सुनेचा खांदा. पाणी तिरक्या रेघांतून दोन्ही पन्हळींकडे पळत होतं. पहिल्या दहा पायऱ्या त्या जपून उतरल्या. पुढे खांदा सोडला. तीनशेच्या खाली तर टोमणे मारत उतरायला लागल्या, कुठली खिडकी कशी रंगवलीये, कुणाची गॅलरी कशी पुढे आलीये. दोनशे अकराव्या पायरीवर त्या एकदम थबकल्या आणि टाच घासून पाहिली.

"ही उथळ आहे."

"आई, पावसाच्या तोंडावर केलीये."

"मी कधी केली ते विचारलं का? उथळ आहे."

खाली बाकावर पोस्टमास्तरीणबाई छत्री धरून बसल्या होत्या, जणू काल संध्याकाळीच भांडण अर्धं राहिलं होतं. त्यांच्या शेजारी काठी टेकून पाववाला बसला होता. त्याने वर पाहिलं. सासूबाई दिसल्या, आणि सवयीने त्याचं तोंड उघडलं, "काय मावशी..."

तो थांबला. मग त्याची नजर मागे वळली, जिथे ती नेहमी बादली घेऊन मान खाली घालून उभी असायची तिथे.

"काय वहिनी," तो म्हणाला, "आज कुणाचं कंबरडं मोडणार?"

एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य तिला म्हटलं गेलं. तिला ते लागलं, चांगलंच लागलं, आणि तरी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. तिने मान खाली घातली नाही.

"तुमचंच, भाऊ," ती म्हणाली. "सरका जरा, आईंना बसू द्या."

सासूबाई बाकावर टेकल्या, पोस्टमास्तरीणबाईंकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "छत्री उलटी धरली आहेस." झालं, दोघींची सुरुवात झाली. टकटक तीन पायऱ्या परत वर गेली, गादीचा तुकडा गुडघ्यांखाली घेतला, आणि दोनशे अकरावरच्या उथळ रेघेवर टाकी टेकवली.